पायांची बखर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उंबरठ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावले काढली जातात. ती काढताना कोणा गृहिणीने लक्ष्मीच्या पोटऱ्या सडपातळ असतील की भरदार, याचा विचार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पावले घरात येणारी असावीत, बाहेर जाणारी नसावीत, एवढीच तिची काळजी. आपल्या भाषेनेही पायांची किंमत त्यांच्या कामावरूनच ठरविली आहे. माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो, संकटात पाय रोवतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो आणि नको त्या ठिकाणाहून पाय काढता घेतो. पायांच्या जाडीवर रचलेली म्हण मला तरी आठवत नाही.

असे असताना, येथे बीडला कॉलेजात जाणाऱ्या माझ्या नातीने मध्यंतरी खो-खोच्या मैदानावर जाणे बंद केले. कारण विचारता कळले, की खेळाच्या अर्ध्या चड्डीत आपल्या मांड्या व पोटऱ्या जाड दिसतात, असे तिच्या मनाने घेतले होते. रात्रीचे जेवणही तिने निम्म्यावर आणले होते. "आजोबा, तुम्ही एवढी जुनी पुस्तके वाचता, पाय बारीक आणि सुडौल करण्याचा एखादा व्यायाम त्यांत दिला असेल तर तेवढा सांगा," असे ती मला म्हणाली. मी व्यायामशिक्षक नव्हे. इतिहासाचा एक हौशी वाचक. परंतु प्रश्न विचारणारी नात होती आणि ताटात अर्धीच भाकरी उरू लागली होती, तेव्हा मी शोधाला लागलो. त्या शोधात जे हाती आले ते इतर घरांतील आजी-आजोबांच्या आणि नातींच्याही उपयोगी पडेल, अशा समजुतीने येथे मांडतो.

आरंभ बराच मागे जाऊन केला पाहिजे. बाराव्या शतकात आपला हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून गाण्या-बजावण्यापर्यंत सारे काही त्यात आले आहे. मल्लांच्या कुस्त्या हाही राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून त्यात वर्णिला आहे. मल्लांचे वर्ग कसे पाडावेत, त्यांना काय खाऊ घालावे आणि त्यांच्याकडून कोणते श्रम करवून घ्यावेत, हे राजाने तपशिलाने सांगितले आहे. 'श्रम' हाच त्याचा व्यायामासाठीचा शब्द. भार उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे, जोडीदाराच्या बाहूंशी झोंबणे आणि खांबावर कसरत करणे, असे हे श्रम आहेत. साधे चालणे त्या बलदंड मल्लांच्या यादीत मानाने बसलेले पाहून मला मोठी मौज वाटली. आज डॉक्टर मंडळी जे सांगतात, ते आठ-नऊशे वर्षांपूर्वी राजाने पैलवानांना सांगून ठेवले होते. या सर्व श्रमांचा हेतू मात्र एकच, समोरचा गडी चीत व्हावा.

पुढे गावोगाव तालमी झाल्या. 'तालीम' हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थ शिक्षण. तालमीतील या शिक्षणाची मुळाक्षरे म्हणजे जोर आणि बैठका. जोराने छाती व दंड तयार होत, बैठकीने कंबरेखालचे शरीर. पाय थोडे अंतरावर ठेवायचे, गुडघे वाकवून खाली जायचे, जाता जाता टाचा उचलून भार चवड्यांवर घ्यायचा आणि हातांच्या झोक्यासरशी पुन्हा ताठ उभे राहायचे. दिसायला क्रिया इतकी सोपी की पोरानेही करावी. परंतु तिच्यात मांडीचा पुढचा स्नायू, नितंब आणि पोटरी असे शरीरातील मोठमोठे स्नायू एकदम कामाला लागतात, श्वास वाढतो आणि शंभराच्या पुढे मोजताना भल्याभल्यांच्या पायांना कापरे भरते. हिला ना यंत्र लागते, ना वर्गणी. हात-दीड हात मोकळी जागा मिळाली, की झाले.

तालमीतल्या पायांचा आदर्श मात्र बारीकपणाच्या अगदी उलट होता. कुस्तीच्या आव्हानाला शड्डू ठोकायचा तो भरदार मांडीवर. जुन्या पैलवानाला कोणी "गड्या, तुझे पाय बारीक झाले" असे म्हटले असते, तर त्याने आजाराची शंका घेऊन खुराक वाढविला असता. सौंदर्याची कल्पना कामाच्या मागून चालत आली ती अशी.

मल्लखांबाची गोष्ट याहून थोडी निराळी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले व त्यांनी पुण्याला आव्हान दिले, अशी परंपरागत कथा आहे. ते आव्हान बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, आणि त्या तयारीतून मल्लखांबविद्या नव्याने उजेडात आली, असे सांगतात. कथेतला दंतकथेचा भाग वजा केला, तरी बाळंभटदादांनी ही विद्या शिष्यांकरवी सर्वत्र पोहोचविली, याविषयी वाद नाही. या खांबावर पाय चालण्याचे नव्हे, तर पकडण्याचे काम करतात. अढी मारून उलटे लटकताना सगळा देह मांड्यांच्या विळख्यावर तोललेला असतो. येथे पाय बळकट तर हवेतच, पण लवचिक आणि हलकेही हवेत. म्हणून मल्लखांब खेळणाऱ्याचे पाय पैलवानाच्या पायांहून सडसडीत दिसतात. काम बदलले, तसा घाट बदलला.

आता कोणी म्हणेल, ही सगळी पुरुषांची बखर झाली, बायकांचे काय? त्यांचे पाय तालमीत गेले नाहीत हे खरे, पण रिकामे कधीच नव्हते. पहाटे जात्यावर बसणे, विहिरीवरून किंवा बारवेच्या पायऱ्या चढून पाणी आणणे, उकिडवे बसून सारवणे, शेतात वाकून खुरपणे, हे सारे मानसोल्लासातल्या श्रमांपेक्षा कमी नव्हते. कासोट्याच्या नऊवारी लुगड्याने पाय मोकळे ठेवले होते. त्या वेषात स्त्रिया शेतात राबल्या, आणि राजघराण्यांतल्या काही घोड्यावरही बसल्या. आनंदासाठी करायचा पायांचा व्यायाम तर त्यांनी सणांतच गुंफून ठेवला होता. श्रावणातील पंचमीचे झोके आणि फेर, मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा हे सगळे आठवून पाहावे. बसफुगडीत उकिडवे बसून चवड्यांवर उड्या घ्यायच्या असतात. तालमीतल्या बैठकीची ती सख्खी बहीणच. फरक इतकाच, की पैलवान आकडे मोजीत बैठका मारी आणि सुना गाणी म्हणत फुगड्या घालीत. रात्रभर जागून खेळणाऱ्या त्या सुनांना कोणी व्यायामपटू म्हटले नाही, हा त्यांच्यावरचा अन्यायच म्हटला पाहिजे.

स्त्री-पुरुष दोघांनाही एकच व्यायाम उघडपणे सांगणारे गृहस्थ म्हणजे औंधचे राजेसाहेब, भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांचा जन्म १८६८ चा आणि मृत्यू १९५१ चा. तरुणपणी त्यांनी युरोपात गाजलेल्या सँडोच्या पद्धतीने डंबेल्सचा व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. घरातील राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालू लागली. संस्थानच्या शाळांतही नमस्कार सुरू झाले. १९२८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि १९३८ साली लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्याने दुसरे पुस्तक विलायतेत प्रसिद्ध झाले. नमस्कारात एक पाय मागे जातो, दुसरा छातीजवळ वाकतो, मग पाय बदलतात. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या जातात आणि पोटऱ्यांना ओढ बसते. म्हणजे पाय ताणण्याचा आणि बळकट करण्याचा हा व्यायामच आहे, फक्त तो एकट्या पायांचा नाही. सबंध अंगाबरोबर पायही त्यात येतात. नमस्कारांचे हे वेड इतके पसरले, की १९३३ साली अत्र्यांनी 'साष्टांग नमस्कार' या नाटकात नमस्कारांनी पछाडलेले रावबहादूर रंगभूमीवर आणले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. हसूनही व्यायाम होतोच!

त्याच सुमारास बडोद्याला आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे काम हाती घेतले. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवून आला. देश पारतंत्र्यात होता. आपल्या तरुणांचे पाय डळमळू नयेत, हा त्या साऱ्या धडपडीचा अर्थ होता. मापपट्टी घेऊन पोटरीचा घेर मोजणारा त्यात कोणी दिसत नाही.

मग 'पाय बारीक करा' हा मंत्र आला कोठून? १९२० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत बायकांचे झगे आखूड झाले, पोटऱ्या दिसू लागल्या आणि दिसणाऱ्या वस्तूला नाव ठेवणारेही निघाले. सिनेमाने त्यात भर घातली. १९८२ साली जेन फोंडा या अमेरिकन नटीची व्यायामाची व्हिडिओ फीत निघाली आणि घरातल्या पडद्यासमोर पाय उचलण्याची लाट जगभर पसरली. आता तो पडदा तळहातावर आला आहे. इतके दिवस हे करा म्हणजे मांड्या इतक्या इंच उतरतील, असे वचन देणारे चेहरे त्यावर दिवसरात्र हसत असतात.

या वचनाची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात तपासले गेले. वर्षानुवर्षे रॅकेट फिरवणारा हात दुसऱ्याहून जाड भरला, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. पुढे २०१३ साली चिली देशातील एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. अकरा स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, केवळ एका पायाने वजन ढकलले, तेही एका खेपेस ९६० ते १२०० वेळा! त्यांच्या अंगावरची चरबी उतरली ती शरीराच्या वरच्या भागावरची. राबवलेल्या पायावरच्या चरबीत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. थोडक्यात, शरीर चरबीचा हिशेब एकत्र कुटुंबाप्रमाणे ठेवते. पायाने कष्ट केले म्हणून खर्च पायाच्याच नावावर पडत नाही. कोठे आधी जमा व्हायचे आणि कोठून शेवटी उतरायचे, हे बरेचसे आई-बापांकडून आलेल्या घडणीवर अवलंबून असते. स्त्रियांच्या कंबरेखाली व मांड्यांवर जमणारी चरबी ही गरोदरपणासाठी आणि अंगावरच्या दुधासाठी निसर्गाने घातलेली ठेव आहे. पोटावरच्या चरबीइतकी ती हृदयाला घातकही नसते. क्वचित कोणाचे पाय विकारानेही जाड होतात. तेथे व्यायामाचा आळस हे कारण नसते, आणि डॉक्टरांकडे जाणे हाच उपाय.

मग व्यायाम व्यर्थ का? मुळीच नाही. त्याने स्नायू घट्ट होतो, चाल सुधारते, आणि जोडीला बेताचा आहार असेल तर सबंध शरीराबरोबर पायही उतरतात. पोटरीचे स्नायू चालताना आकसतात तेव्हा पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते, म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याची रीत आहे. ब्राझीलमधील डॉक्टरांनी ५१ ते ८० वर्षांच्या २००२ माणसांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले, हाताचा किंवा गुडघ्याचा टेका घेतला की गुण कापले, आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पंगत उभी राहिली. पाटावर मांडी घालून बसणारी आणि हात न टेकता उठणारी आपली आजी ही परीक्षा दिवसातून चार वेळा देत होती. टेबल-खुर्ची आली, आणि परीक्षाच बंद पडली.

पण व्यायामाचे गुण गाताना मी ज्या जिल्ह्यात बसून हे लिहितो आहे, तो मला विसरता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसांची ओळखच हत्याराच्या नावाने! पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे, आणि रात्री कोपीवर येऊन पुन्हा चुलीपुढे उकिडवे बसायचे. या बायांचे पाय काटक असतात, पोटऱ्यांवर मूठभर मांस नसते. कोणाला हेवा वाटावा असे ते बारीक पाय आहेत, आणि त्यांत पेटके आहेत, भेगा आहेत. त्यांना व्यायाम सांगायला जाणे हा क्रूर विनोद ठरेल. त्यांना हवी आहे विश्रांती, पुरेसे अन्न आणि कामाचा न्याय्य मोबदला. हौसेने, पोटभर खाऊन, आपल्या मर्जीने पाय हलवता येणे ही एक श्रीमंती आहे. जिच्याकडे ती आहे, तिने ती उपाशी राहून आणि आरशापुढे रडून उधळू नये.

याच जिल्ह्याने पायांच्या जोरावर जगाला दिपविणारी माणसेही दिली. पाटोद्याकडचा राहुल आवारे कुस्तीत २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्यपदक घेऊन आला. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याच्या घरचा. शाळा सहा किलोमीटर दूर, वाहन नाही, म्हणून लहानपणापासून कधी चालत तर कधी पळत जाई. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत राहिला, आणि २०१५ नंतर धावण्याच्या शर्यतींकडे वळला. मध्यंतरी त्याचेही वजन वाढले होते. ते त्याने सरावाने उतरविले. त्याची शर्यत म्हणजे तीन हजार मीटर स्टीपलचेस, वाटेत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला आमच्या साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक घेतले; पहिला आलेला केनियन त्याच्या पुढे होता तो अवघा ०.०५ सेकंद. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

हे दोन्ही पाय एकाच मातीतले. आवारेचे माती रोवून धरणारे, साबळेचे माती सोडून उडणारे. एकाच्या जागी दुसऱ्याचे पाय बसविले, तर दोघेही हरतील. नातीला मी हेच सांगितले. खो-खोत खांबाकडे झेपावणाऱ्या पायांना भरदार पोटरी लागतेच. ती दोष नव्हे, ते हत्यार आहे. तिला पटले किती हे मी विचारले नाही. पण आता ती मैदानावर जाते, आणि ताटात भाकरी अख्खी असते.

ज्यांना थेट उपाय हवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालावे. दीडशे मिनिटांचा हा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम करावा. नवशिक्याने खुर्चीवर बसल्यासारखे करून, टाचा जमिनीवरच ठेवून, दहा बैठकांपासून आरंभ करावा. भिंतीचा आधार घेऊन चवड्यांवर उठावे व सावकाश टेकावे. जिना दिसला की लिफ्टकडे पाठ करावी. दिवसातून एक जेवण तरी, गुडघे साथ देत असतील तर, जमिनीवर बसून करावे. गुडघा दुखत असेल तर हट्ट करू नये. आणि एकच पाय अचानक सुजून लाल व दुखरा झाला, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

आणि फराळाचे काय? फराळ जरूर करावा. चकली-करंजीवर बंदी घालणारा राजा मानसोल्लासातही मला भेटला नाही. मात्र ताट रिकामे झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, दिवे पाहत गावातून एक मोठी फेरी मारावी. वाटेत उसाच्या फडाकडे निघालेली एखादी गाडी दिसली, तर तीत बसलेल्या बाईच्या हातावर फराळाचा एक डबा ठेवावा. तेवढे चालणे त्या दिवसापुरते पुष्कळ झाले.